तोरणात अडकलेलं एअरशिप

कतारमधल्या दोह्याच्या मराठी मंडळात अवधूत बोलायला उभा राहिला की लोकांना हटकून चहाची आठवण व्हायची. माणूस वाईट नव्हता. स्टेडियमच्या छतावर काम करणारा इंजिनिअर, स्वभावाने गरीब. पण त्याला नौदलाच्या जुन्या एअरशिपांचं वेड होतं. फुटबॉलची दोन मैदानं व्यापून उरतील एवढी ती हवेत तरंगणारी फुगीर जहाजं, आणि त्यांच्यासाठी बांधलेली अवाढव्य हँगर, ज्यांच्या आत म्हणे ढग जमायचे. इथवर ऐकून समोरचा उठायचाच. घरी तर ‘हँगर’ शब्द निघताच त्याची बायको आसावरी कुकर लावायला जायची, कुकर आधीच लावलेला असला तरी.

वर्ल्ड कपच्या आदल्या वर्षी मंडळाने दिवाळीच्या कार्यक्रमाला फुटबॉलचा थाट द्यायचं ठरवलं. अध्यक्ष श्यामरावांना प्रेक्षकांच्या डोक्यावरून काहीतरी उडायला हवं होतं. अवधूतने संधी साधली.

“एअरशिप मी बनवतो. बदल्यात मला दहा मिनिटं बोलू द्या. मध्ये कोणी उठायचं नाही.”

“आधी उडवून दाखवा,” श्यामराव म्हणाले, “मग इन्शाल्ला बघू.”

या इन्शाल्लाचा अर्थ ‘विसरा’ असा होतो, हे न कळण्याइतका अवधूत नवखा नव्हता. तरीही तो कामाला लागला. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या त्याच्या फ्लॅटमधला सोफा बेडरूममध्ये गेला आणि हॉलचं हँगर झालं. सोनं द्यायला आलेल्या पाहुण्यांना दसऱ्याला स्वयंपाकघरात बसावं लागलं. आसावरी चिडली, पण शेपटीचे पंख तिनेच शिवून दिले. दाराचं माप अवधूतने पहिल्याच दिवशी घेतलं होतं, तेही दोनदा.

ठरल्या दिवशी श्यामराव आणि खजिनदार मृणालिनीताई पाहणीला आले. आसावरी कुकर लावून बाहेर आली. हीलियम भरलेलं चंदेरी एअरशिप छताखाली डुलत होतं. ते दाराकडे ओढता ओढता अवधूतला राहवेना.

“एकोणीसशे बत्तीस साली अमेरिकेच्या नौदलाने ॲक्रन नावाचं एअरशिप हँगरमधून बाहेर काढलं, खासदारांच्या समितीसमोर. वाऱ्याने ते सुटलं, शेपूट जमिनीवर आपटलं, पंखाचा चुराडा. एवढी मोठी माणसं, पण बाहेर काढताना भान नाही.”

तेवढ्यात फुस्स असा आवाज झाला.

दसऱ्याला आसावरीने दाराला नाशिकहून आणलेलं तोरण लावलं होतं, बाकदार चोचीच्या पितळी पोपटांचं. अवधूत रोज त्याखालून ये-जा करत होता, पण त्याच्या डोक्यात माप दसऱ्याच्या आधीचं होतं. आता पोपटाची चोच शेपटीत रुतली होती आणि नाक पायऱ्यांवर लोळत होतं.

“समितीसमोरच की हो,” म्हणून श्यामराव डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मृणालिनीताईंना भिंतीचा आधार घ्यावा लागला. अवधूतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संपलं भाषण, खलास.

आसावरी मात्र हसत नव्हती. भोकावर अंगठा दाबून ती उंबऱ्यात बसली होती.

“त्या ॲक्रनचं पुढे काय झालं रे?” तिने विचारलं. “नीट केलं त्यांनी?”

अवधूतने तिच्याकडे वळून पाहिलं. हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारलाच नव्हता.

“केलं. पुढच्या वर्षी वादळात समुद्रात कोसळलं. शहात्तर माणसं होती, तीन वाचली. लाइफ जॅकेट जवळजवळ नव्हतीच. बाकीचे गार पाण्यातच गेले.”

श्यामरावांचं हसू केव्हाच थांबलं होतं.

“हे कधी बोलला नाहीस,” आसावरी म्हणाली.

“इथपर्यंत कोणी थांबतच नव्हतं.”

श्यामरावांनी घसा साफ केला. “दहा मिनिटांत बसेल का हे सगळं?”

“नाही.”

“मग वीस घ्या. आणि आता पहिल्यापासून सांगा.” ते पायरीवर टेकले. मृणालिनीताईही बसल्या.

अवधूतने पहिल्यापासून सुरुवात केली. हँगर आलं, ढग आले. आत कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता. आसावरी उठली नाही.