एक पर्याय निवडणे आवश्यक आहे

“पुढे जातच नाही हो हे!” मोबाइलवरचा अर्ज दाखवत खिडकीपलीकडची बाई म्हणाली. “तीन वर्षं रिकामं सोडलं तरी जात होतं. आजच काय झालं याला?”

आतल्या टेबलावरच्या ताईंनी मान वर केली. काय झालं, ते त्या कचेरीत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

वसतिगृह प्रवेशाचे ऑनलाइन अर्ज तपासणं हे त्यांचं काम. अर्ज मुद्दाम चुकीचा भरायचा, अर्धवट सोडायचा, आणि तरीही तो पुढे सरकला तर प्रोग्रामरला धारेवर धरायचं. बावीस वर्षं टंकलेखन केलेल्या ताईंच्या नजरेतून काही सुटत नसे. कालच त्यांनी एक जुनी चूक पकडली होती. ‘वडील’ या प्रश्नापुढे दोन गोल होते: हयात आणि मयत. उत्तर सक्तीचं, पण सक्ती नुसती लाल चांदणीपुरती. एकही गोल न निवडता अर्ज खुशाल जात होता. साहेबांनी चारचौघांत कौतुक केलं. आज सकाळपासून गोल रिकामे राहिले की लाल अक्षरं उमटत होती.

“मग निवडा ना एक काहीतरी,” मागून प्रोग्रामर म्हणाला. “कोण बघतंय?”

“हयात म्हटलं की त्यांची सही मागतंय. मयत म्हटलं की दाखला,” बाई म्हणाली. “डबा घेऊन कामावर गेले, त्याला चार वर्षं झाली. सही कुठून आणू? आणि दुसरं ते... माझ्या हातानं कसं निवडू मी?”

तीन वाजून गेले होते. मुदत पाचपर्यंत. अर्ज गेला नाही तर तिच्या मुलीची खाट दुसऱ्या कुणाला मिळणार होती.

ताईंना बसवेना. त्या प्रोग्रामरच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

“सक्ती काढून टाकतो,” तो म्हणाला. “दोन मिनिटांचं काम.”

“नको. मग विसरणाऱ्यांचेही अर्ज रिकामे जातील आणि यंदापासूनच्या कडक छाननीत उडतील.”

“बरं, ‘हयात’ आधीच निवडून ठेवतो.”

“म्हणजे तिचं उत्तर आपणच द्यायचं? तिसरा गोल कर.”

“साहेबांच्या सहीशिवाय नाही हं, ताई. माझ्या गळ्याशी येईल.”

साहेब वरच्या मजल्यावर बैठकीत होते. ताई जिना चढल्या, दार बंद बघून उतरल्या, घड्याळ बघून पुन्हा चढल्या. गुडघा ठणकत होता. तिसऱ्या खेपेला त्यांनी दार ढकललंच.

साहेबांनी ऐकून घेतलं. “कालच तुम्ही हे बंद करून घेतलंत ना?”

“घेतलं, साहेब. चूक बरोबर पकडली मी. पण प्रश्नच अपुरा आहे, ते नाही दिसलं मला.”

“तिसऱ्या पर्यायाला कागद कुठला जोडणार?”

“हरवल्याची तक्रार. तिच्या पिशवीत आहे. प्लास्टिकमध्ये घालून आणलीय.”

साहेबांनी पेनाचं टोपण काढून ताईंच्या हातातला कागद पुढे ओढला. मग त्यांनी सही केली.

साडेचारला स्क्रीनवर तिसरा गोल आला: ठावठिकाणा माहीत नाही. घाई होती, तरी ताईंनी आधी काहीच न निवडता बटण दाबलं. लाल अक्षरं आली. मग एकेक गोल निवडून पाहिला. तिन्ही गेले.

“या आत, बसा,” त्या म्हणाल्या आणि स्वतःची खुर्ची दिली.

बाईनं ती ओळ दोनदा वाचली. माउसवरचा हात उचलला, पदराला पुसला, परत ठेवला. टिक झालं. अर्ज गेला. पाचला दहा कमी होते.

ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळली. “हे नंतर बदलता येतं ना?”

“येतं,” ताई म्हणाल्या.

ती गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, ते काही आपण तपासलेलं नाही. शिपाई खिडक्या लावत होता. प्रोग्रामरनं पिशवी खांद्याला अडकवली. “चला ताई, सुटलो!”

“तू हो पुढे.”

त्यांनी चाचणीचा एक कोरा अर्ज उघडला, तिसरा गोल निवडून पाठवला. मग तोच अर्ज पुन्हा उघडला आणि ‘हयात’वर टिक केलं. चक्र फिरत राहिलं. ताई पर्स मांडीवर घेऊन स्क्रीनकडे बघत बसल्या.

बदल जतन झाला आहे, अशी ओळ आली. त्यांनी तो अर्ज आणखी एकदा उघडून खात्री करून घेतली.