उखळाजवळचा शब्द

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. मोची. तुमच्याकडे याच नावाचे कसबी कारागीर आहेत. आमचं नाव एक, घर मात्र वेगळं. माझं घर जपानातल्या डोंगराळ गावांत, वाफाळत्या चिकट भाताच्या उखळाजवळ. वर्ष सरताना एकजण लाकडी घण घालतो, दुसरा ओल्या हाताने भात उलटतो आणि हात बाहेर काढून ‘हं’ म्हणतो. मगच पुढचा घाव. असं कुटून मऊ झालेल्या गोळ्याचं नाव मी.

हल्ली परदेशी दुकानांत आइस्क्रीमच्या डब्यांवरही मी मिरवतो. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण गावात यंत्रं आली आणि उखळं अंगणात पालथी पडली.

शिगेओआजोबांचं उखळही तसंच पडलं होतं. भात उलटण्यात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. उन्हाळ्यात त्यांना झटका आला आणि वाचा गेली. आता ते भिंतीकडे तोंड करून बसत. त्यांची बायको किनुए एकटीच बोलून बोलून थकली होती.

वर्षअखेरीस लेक चिनात्सु आली. तिने उखळ सुलटं करून धुतलं, त्यात वाफाळता भात घातला आणि वडिलांना शेजारी बसवलं.

“अगं, त्यांच्या हातावर घाव बसला तर?” किनुए म्हणाली.

“हात शाबूत आहेत त्यांचे, आई. बाबा, तुम्ही ‘हं’ म्हटल्याशिवाय मी घण खाली आणायची नाही.”

आजोबांनी हात भिजवला, भात उलटला, हात काढला. ओठ हलले, आवाज फुटेना. वर धरलेल्या घणाने चिनात्सुचे दंड भरून आले. भात निवत चालला. माझा जीव टांगणीला लागला.

“हट्टी मेली. बापावर गेलीय,” किनुए पुटपुटली.

“हं,” आजोबा म्हणाले.

घण पडला. पुन्हा ‘हं’, पुन्हा घण.

गोळा तयार झाल्यावर किनुएने सगळ्यांना तुकडे वाटले. आजोबांपुढे मात्र पेज ठेवली. घशात अडकेल म्हणून डॉक्टरांची मनाई होती. त्यांनी पेजेकडे पाहिलं आणि चिडून विचारलं, “माझी मोची?”

मित्रांनो, मी जग फिरलो, पण इतक्या रागाने मला कुणी हाक मारली नव्हती. मला रडूच आलं. शब्द जपायचा तर तो डब्यावर छापून भागत नाही. ज्याचे ओठ अजून जुळत नाहीत, त्याच्यासाठी घण उचलून थोडं थांबावं लागतं.

किनुएने डोळे पुसले. “मिळायची नाही,” ती म्हणाली. “पण पुन्हा मागा बघू.”