पेन जिथे अडतं

बाळंतपणाच्या रजेवरून परतले, तर नवजात बाळांच्या वॉर्डातली माझी जागा नव्या नर्सला द्यायचं घाटत होतं. मला ठेवलं तपासणीच्या खोलीत. मेट्रनबाई म्हणाल्या, "नवीची टीबीची चाचणी तूच बघ. पास झाली तर वॉर्ड तिचा. नाहीतर तू आहेसच." म्हणजे सवतीचा निकाल सवतीनंच लावायचा!

नवीचं कौतुक उठता-बसता कानावर पडायचं. म्हणे तिनं उचललं की रडतं बाळ गप्प होतं. माझं तान्हं तर माझ्याकडेही गप्प होत नाही.

परवा तिच्या हातात चाचणीची सुई टोचली होती. आज ती बाही सारून समोर बसली. जागा लालबुंद, चांगली पसरलेली. मला आतून उकळ्या फुटल्या. खरं तर लाली मोजायचीच नसते. मोजायची ती खालची कडक गाठ; ती मोठी तर नापास. बॉलपेन कातडीवरून हळूहळू कडेकडून मध्याकडे सरकवायचं, अडेल तिथे तिची कड. पण हे हिला कुठे ठाऊक असणार?

मी पट्टी लालीवर ठेवली.

"ताई, तुमची चाचणी कधी झाली होती?"

"आमची कशाला? आम्ही जुन्या."

"जंतू काय नेमणुकीची तारीख विचारून शिरतात?" ती हसली. "घरी तान्हं आहे ना तुमचं, म्हणून म्हटलं."

सकाळीच त्याला छातीशी धरून पाजलं होतं. त्याआधी कितीजण माझ्या तोंडावर खोकून गेले असतील! मी पट्टी ठेवून पेन घेतलं. पेन लालीवरून सरळ मध्यापर्यंत गेलं. गाठ अगदी नावापुरती.

"पास," म्हणाले. "आता मला टोच."

दोन दिवसांनी मी बाही वर केली. तोवर ती वॉर्डात रुजूही झाली होती. तिनं पेन टेकवलं, जरासं सरकवलं, आणि ते अडलं. दुसऱ्या बाजूनंही तसंच.

"ताई, म्हणजे आजारच आहे असं नाही हं. आधी एक्स-रे काढू. बाळालाही दाखवून घ्या. मेट्रनबाईंना तुम्हीच सांगा, मी बोलणार नाही. आणि वॉर्डाची काळजी सोडा, मी आहे."

किती गोड बोलली! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

वॉर्डात कुणीतरी रडायला लागलं, तशी ती धावली. मी मेट्रनबाईंच्या दारावर टकटक केली. "बाई, जुन्यांचीही चाचणी करायला हवी. सगळ्यांची. सुरुवात माझ्यापासून झालीय."

मागे वॉर्डातलं रडणं थांबलं. मेलं, लगेच!