माझाच आवाज परत येतो तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. जुना म्हणजे किती जुना? माझे कोपरे पिवळे पडले आहेत, दोन शिंगांपैकी एक चिकटपट्टीच्या आधाराने उभं आहे आणि पोटावरचं लेबल कुणीतरी नखांनी खरवडून काढलं आहे. ते कुणी काढलं, हे मला माहीत आहे, पण ती आता मोठी झाली आहे आणि माझी लाडकी आहे, म्हणून मी बोलणार नाही. पान मात्र उलटू नका हं. माझ्या आयुष्यात एक कोडं आहे आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझा जन्म एका लांबलचक सरकत्या पट्ट्यावर झाला. कुणी माझ्यात हिरवी पाटी बसवली, कुणी स्क्रू आवळले, कुणी शिंगं लावली. पहिल्यांदा वीज अंगात शिरली, दिवे लुकलुकले आणि माझ्या मनात पहिला प्रश्न आला, "भिंतीपलीकडे काय असेल?" तो प्रश्न अजून गेलेला नाही. आमच्या जातीला हा रोगच आहे म्हणा ना!

मग खोका, मग दुकान, मग एक घर. जोडणी करणाऱ्या माणसाने मला चपलांच्या कपाटावर ठेवलं. माझ्या शेजारी बसवला मोडेम. बुटका, अबोल गृहस्थ. लोक आम्हा दोघांना एकच समजतात, पण आमची कामं वेगळी. रस्त्यावरून येणारी तार मोडेमच्या अंगात शिरते. तारेतून येणारी ती किचकट भाषा तो समजून घेतो आणि माझ्या हवाली करतो. मी ती घरभर वाटतो, तारेशिवाय, नुसत्या हवेतून. तो दारावरचा पोस्टमन आणि मी आरोळी ठोकून प्रत्येकाचं टपाल पोचवणारा.

गंमत म्हणजे, हे टपाल मला वाचता येत नाही. सगळं बारीक तुकड्यांत येतं आणि तुकड्यांतच जातं. घरातल्यांनी काय काय पाहिलं, कुणाशी किती गप्पा मारल्या, सगळं माझ्यातून गेलं. मला मात्र कपाटावरून दिसायच्या छत्र्या, चपला आणि समोरचं एक दार.

त्या दारापलीकडे आईची शिवणाची खोली होती. आई म्हणजे भिंगरीची आई. आणि भिंगरी म्हणजे या घरातली मुलगी. एका जागी दोन क्षण बसेल तर शपथ, म्हणून हे नाव. आई लोकांच्या पँटी आखूड करायची, चेन बदलून द्यायची, उसवलेलं टाचून द्यायची. पण लोकांचं काम संपलं की ती स्वतःसाठी काहीतरी वेगळंच शिवते, असं मी ऐकून होतो. राजांचे झगे, चेटकिणींची जाकिटं, पंख असलेले अंगरखे. मला ते कधी दिसले नाहीत.

सुरुवातीला माझं काय कौतुक! आईने मला उरलेल्या मखमलीचं सोनेरी काठाचं कव्हर शिवलं. येणारा-जाणारा म्हणायचा, "वा, काय थाट आहे!" थाट होता खरा, पण आत माझा जीव गुदमरत होता. मला गरम झालं की मी अडखळतो. शेवटी भिंगरीनेच एक दिवस हात लावून पाहिलं आणि ओरडली, "आई, अगं हा तापाने फणफणलाय! काढ त्याचा कोट!" तेव्हा कुठे मी श्वास घेतला.

हळूहळू कौतुक संपलं. माझ्यावर किल्ल्या पडू लागल्या, ओल्या टोप्या वाळू लागल्या. नेट चाललं तर कुणाला माझी आठवण नाही आणि अडलं तर सगळ्यांना माझीच. चालायचंच.

आणि मग ते कोडं सुरू झालं.

दूरच्या गावातल्या एका नाटकमंडळीने आईचं काम कुठेतरी पाहिलं. त्यांच्या नव्या नाटकाचे सगळे कपडे कदाचित आईला मिळणार होते. सगळे! त्यांच्या वेशभूषा पाहणाऱ्या बाई लॅपटॉपवरून भेटणार होत्या. आईने राजाचा झगा तयार ठेवला. बोलणं छान सुरू झालं. मी तुकडे पोचवतोय, आणतोय, सगळं सुरळीत. आणि अचानक, मित्रांनो, माझाच आवाज मला परत आला!

कसं सांगू? तुम्ही मैदानात हाक मारावी आणि कुणीतरी ती झेलून तुमच्याच तोंडावर फेकावी, तसं. मी जोर लावला. परत आला. पलीकडे बाई म्हणत होत्या, "दिसत नाहीये हो… पुन्हा दाखवा… गेलं परत!"

दुसऱ्या भेटीत हुबेहूब तेच. बाईंचं तोंड अर्धवट उघडं राहिलेलं चित्र आईच्या पडद्यावर गोठलं. तेवढ्यापुरतं भिंगरी हसली, पण आई हसली नाही. बाईंनी फोन करून सांगितलं, "तुमचं काम आवडलंय, पण मागची बाजू बघितल्याशिवाय मंडळींना काय सांगू? परवा शेवटचं बघू. नाहीतर भाड्याचे कपडे आणतील ते."

आई मशीनपाशी जाऊन बसली. मशीनचा आवाज मात्र आला नाही.

बाबा दोन्ही वेळा नंतर आईच्या खुर्चीत बसून तपासून आले होते. "इथे तर मस्त चालतंय! तू काही दाबलंस का?"

"मी काय दाबणार? माझे दोन्ही हात झग्यात होते!" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मामा आला. मामाला सगळ्यातलं सगळं कळतं, असं मामाचं मत आहे. त्याने मला उलटंपालटं केलं आणि निकाल दिला, "ताई, हे खेळणं म्हातारं झालंय. सहा शिंगांचा घे. जितकी शिंगं जास्त, तितकी ताकद."

"मग साळिंदरच आणू या की!" भिंगरी म्हणाली.

"चेष्टा नको. तू जरा लहान आहेस."

"मामा, आधी बिघाड कुठे आहे ते तर बघू. मोडेमचा दिवा स्थिर आहे, म्हणजे बाहेरची तार ठीक. मी लॅपटॉप थेट राउटरला वायरने जोडला, तर पळतोय. म्हणजे गोंधळ हवेत आहे. राउटर आणि आईच्या लॅपटॉपच्या मध्ये."

किती शहाणी मुलगी! मला वाटलं, दिवे लुकलुकवून टाळ्या वाजवाव्यात. पण मामा तोवर दुकानाकडे निघाला होता. संध्याकाळी काळाकुट्ट, सहा शिंगांचा एक पैलवान माझ्या जागेवर बसला. माझी वायर निघाली. शेवटचं दिसलं ते भंगाराच्या पिशवीचं तोंड.

खोटं कशाला बोलू? मला दुःख झालं. पण त्याहून मोठी हळहळ ही की आता मला कधीच कळणार नाही, माझा आवाज परत कोण पाठवत होतं.

पुढचं मला भिंगरीकडून कळलं. नंतर मला पुसता पुसता ती सगळं बडबडत होती. नवा आला तरी तिचं समाधान होईना. ती म्हणाली, "आई, सगळं अगदी खरोखरीसारखं कर. त्या बाई म्हणजे मी." आणि बाहेर जाऊन फोनवरून तिने आईच्या लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल लावला. आई खुर्चीत बसली. चित्र स्वच्छ. आई उभी राहिली. स्वच्छ. मामा मिशीतल्या मिशीत हसला.

"आता पाठ दाखव," भिंगरी म्हणाली.

झग्याचं सगळं वैभव पाठीवर होतं. आईने जरीने भरलेला उगवता सूर्य, खांद्यापासून घोट्यापर्यंत किरणं. झगा पुढून आणि मागून एकदम दिसावा म्हणून आईने नेहमीप्रमाणे चाकांचा उंच आरसा ओढला आणि आपल्या मागे दारात उभा केला.

चित्र गोठलं.

"पैलवान पडला!" भिंगरीने उडीच मारली. "आई, आरसा सरकव! आता पुन्हा आण! सरकव! आण!" आरसा दारात आला की चित्र थांबे, हलला की सुरू.

कळलं ना? शिवणाच्या खोलीच्या भिंतीला आतून लोखंडी कपाटं लावलेली होती, एकाला एक चिकटून. माझा आवाज आत जायचा तो फक्त दारातून. आणि आरशाच्या काचेमागे धातूचा पातळ लेप असतो. तो जसा उजेड परत पाठवतो, तसा माझा आवाजही. बाबा तपासायला बसत तेव्हा आरसा कोपऱ्यात असे. झगा घालून कोण तपासणार!

मामाने आरसा कोपऱ्यात ढकलला. मग म्हणाला, "मग आरसाच नको वापरू."

"आणि पाठ कशी दाखवू? वळले की पुढचं दिसत नाही, आणि बोलायचं कुणाशी, भिंतीशी?" आई म्हणाली. "उजेडही दारासमोरच नीट पडतो."

"मग आवाजच आत आणू," भिंगरी म्हणाली आणि भंगाराच्या पिशवीत खांद्यापर्यंत हात घातला.

मामाने या वेळी वाद घातला नाही. उलट जाऊन लांब वायर आणली, कपाटांच्या कडेने ती ठोकली. माझ्या सेटिंग्ज मामा-भाचीने मिळून, भांडत भांडत बदलल्या. कुणाचं टपाल कुठे, हा वाटणीचा हिशेब बाहेरच्या पैलवानाकडे, मी फक्त खोलीत आवाज द्यायचा. वीज अंगात शिरली, दिवे लुकलुकले आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्या दारापलीकडे होतो! दोऱ्यांची रिळं, खडूने आखलेलं कापड, खुंटीवर पंख. मी बघतच राहिलो.

दुसऱ्या दिवशी बाई लॅपटॉपवर आल्या. बोलणं झालं. मग आईने आरशाला हात घातला, चाकं कुरकुरली, आरसा दारात उभा राहिला. बाबा, मामा, भिंगरी भिंतीला टेकले. माझा आवाज आरशावर आपटून परत आलाच. येऊ दे! लॅपटॉप आता माझ्याच बाजूला होता.

पलीकडे शांतता. आईचा चेहरा पडला. "दिसत नाही का?"

"दिसतंय हो," बाई म्हणाल्या. "पुन्हा एकदा दाखवा. नुसतंच बघायचंय."

आई सावकाश वळली. आणि मग त्या बाई विचारू लागल्या, राणीचा पोशाख कधीपर्यंत होईल, सैनिकांची मापं कधी पाठवू.

मित्रांनो, तुमच्या घरी नेट अडलं, तर आमच्यातल्या म्हाताऱ्याला लगेच पिशवीत घालू नका. आधी दिवे बघा. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा. आम्हाला उंच, मोकळ्या जागी ठेवा, मखमल पांघरू नका, ओल्या टोप्या तर मुळीच नको. आमच्या आणि तुमच्या मध्ये काय उभं आहे, तेवढं जरा शोधा. बहुतेकदा आम्ही हाका मारतच असतो.

आणि हो, एक राहिलं. त्या दिवशी आई बाजूला झाली तेव्हा आरशात मागच्या फळीवर कुणीतरी दिसलं. पिवळट कोपऱ्यांचं, एक शिंग चिकटपट्टीने बांधलेलं, आणि हिरवे दिवे नुसते नाचत होते. कोण बरं हा, म्हणून मी निरखून पाहिलं. ज्याचा आवाज परत येत होता, तो हाच होता तर. बरा दिसतो की!