हेल्मेट पाठीवर बांधून

भाऊरावले घोरता म्हटलं का त्याच्या डोक्यात आगच. "मी नाई घोरत. तुले कान वाजाची बिमारी हाय," असं मनकर्णाले तोंडावर म्हने. पंचवीस वर्सं ती हेच आयकून राहिली होती. अन् नुसतं घोरनं असतं तं चाललं असतं. हा मानूस उताना पडला का मधातच श्वास बंद करे. घर चिडीचूप. मनकर्णा मनात मोजे, पंधरा, वीस, पंचवीस. मंग एकदम गुदमरल्यासारखा उचके अन् मशीन पुना चालू. तिनं कोपरानं ढोसून कुशीवर लोटलं का गप. कुशीवर तो मानसासारखा झोपे.

सकाळी वरतून तोच खेकसे, "रातभर कावून ढोसतं व? दुश्मनी हाय का?"

"हायच," ती म्हने, अन् चहा आपटे.

भाऊराव कारखान्यात क्रेन चालवे. मंगळवारी भर दुपारी, केबिनमंधी बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. वितळलेल्या लोखंडाच्या लाल रसानं भरलेली बकेट हवेत तशीच लोंबत राहिली. खाली चार जन उभे. त्यातला एक रूपेश, ह्यांचाच एकुलता पोरगा, ठेक्यावर लागलेला. खालच्या मानसानं शिट्ट्या मारून मारून गाल फुगवले, तवा कुठं भाऊराव जागा झाला. साहेबानं तिथंच त्याले खाली उतरवलं. म्हने, झोपेची टेस्ट कर, डॉक्टरचा फिटचा कागद आन, मंगच वर चढ.

आता ह्या क्रेनवाल्यांची एक रीत होती. दरसालच्या मेडिकलच्या आंदी डोळ्याच्या चार्टवरची अक्षरं पाठ करून जाची. चहाच्या टपरीवर एकानं म्हनाची, बाकीच्यानं मांगून. भाऊराव सहा सालांपासून असाच पास होऊन राहिला होता. त्याले वाटलं, ही बी तशीच परीक्षा. पास झालं का झालं.

शुक्रवारी दवाखान्यातून मशीन घरी आली. छातीले पट्टा, बोटाले चिमटा, नाकाले नळी. हे लावून एक रात झोपाचं. जेवन झालं अन् भाऊरावनं खुंटीवरचं ड्यूटीचं हेल्मेट काढलं, पाठीवर ठेवलं, गमछानं करकचून बांधलं.

मनकर्णा पाहातच राहिली. "हे काय सोंग हाय?"

"उताना झालो का हे पाठीत रुतन. म्हंजे रातभर कुशीवर. मले का समजत नाई?"

"समजते? मंग पंचवीस वर्सं माह्या नावानं कावून बोंबलले?"

"तू चूप बस. सोमवारी मले क्रेनवर चढाचं हाय. खाली स्टोरमंधी बोल्ट मोजत बसू का, काल आलेल्या पोट्ट्यांच्या हाताखाली?"

"अन् त्या बकेटखाली कोन उभा राहाते?"

भाऊरावनं कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीनबाईपुढं दोघंबी बसले. डॉक्टर मृणाल कॉम्प्युटरवर पाहत होती. "तासाला सहा वेळा श्वास अडला. एवढं काही खराब नाही," ती म्हनाली. भाऊरावची मान वर झाली. मंग ती थांबली. "पण मशीन झोपायची पोझिशनही लिहिते. तुम्ही सात तास उजव्या कुशीवर? एकदाही उताणे नाही?"

"माही आदतच हाय तशी, मॅडम. लहानपनापासून."

"खरं का, ताई?"

टेबलाखाली भाऊरावनं बुटानं मनकर्णाचा पाय दाबला. अंगठा चेंदला तिचा. तिले सोमवार दिसला, रूपेश दिसला, मान वर करून बापाकडं पाहनारा.

"खोटं हाय," ती म्हनली. "पाठीवर हेल्मेट बांधून झोपले होते हे. रोज उतानेच पडतात, अन् श्वास बंद होते. मी मोजते ना."

"बुद्धी फिरली हिची, मॅडम!"

"फिरली तं फिरली. माह्या पोराच्या डोक्यावर ते बकेट नाई पाहिजे मले."

डॉक्टरीनबाई हसली नाई, रागावलीबी नाई. "काका, हेल्मेटची अक्कल बरोबर होती. उताणं झोपलं की जीभ मागं पडते, गळा बंद होतो. कुशीवर मोकळा राहातो. आम्हीच सांगतो, बनियनच्या पाठीला बॉल शिवा. पण ते रोजच्यासाठी. तुम्ही फक्त मशीनला फसवलं."

दुसरी टेस्ट बिगर हेल्मेटची झाली. तासाले चोपन्न वेळा श्वास अडला. क्रेन बंद. झोपताना नाकावर हवेचा मास्क, अन् त्याच्यासंगं कुशीवर झोपाचं. महिन्यानं पुना तपासनी, तोवर स्टोर.

भाऊराव कारखान्याच्या सेक्टर 10 च्या क्वार्टरात शिरला तो शिव्या देतच. पाट लाथेनं उडवला. रूपेशबी ड्यूटीवरून आला अन् आईवरच घसरला, "क्या आई, घर की बात बाहर कावून केली? पूरा वर्कशॉप हसून राहिला बाबाले. मले लाज येऊन राहिली."

"येऊ दे," मनकर्णा म्हनली. "लाज येते म्हंजे जित्ता हायेस."

आठ दिवस तिच्यासंगं कोनी बोललं नाई. भाऊराव तं तिचं तोंडबी पाहे ना. रविवारी दुपारी जेवून मास्क लावून पडला, तिच्याकडं पाठ, भिंतीकडं तोंड. रागानं ताठ. मास्कची हवा बारीक सुं सुं करत राहिली. मनकर्णा उंबऱ्यात तांदूळ निवडत मोजून राहिली होती. मोजाले श्वासाचा खंड सापडेना.

मंग त्याचा खांदा सैल झाला. हळूहळू तो उताना कलंडाले लागला. हात लावला असता तं त्यानं हात झटकला असता.

लगनात उखान्यात घेतलं तेवढंच, त्यानंतर तिनं नवऱ्याचं नाव कदी तोंडातून काढलं नव्हतं. आता काढलं. मोठ्यानं, शेजारच्या शीलाबाईले आयकू जाईल असं.

"भाऊराव घोरते!"

भाऊराव फनकारला, मास्कातल्या मास्कात कायतरी वंगाळ बोलला, अन् धाडकन भिंतीकडं वळला.

"हं," मनकर्णा म्हनली, अन् सूप पुढं ओढलं. "तसाच राहा रागात."