चांदणीची हाडं

मित्रांनो, मी एक म्हातारी पांढरी उंदरीण आहे. रत्नागिरीबाहेरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, एक प्रयोगशाळा आहे, तिथे माझा जन्म झाला. आम्हाला तिथे नावं नसतात, शेपटीवर शाईच्या रेघा असतात. पण आमची देखभाल करणाऱ्या लवूकाकांना रेघांना हाक मारणं काही जमेना. त्यांनी मला चांदणी म्हटलं आणि माझ्या बहिणीला मैना.

आईचं दूध सुटलं तशी माझी इंजेक्शनं सुरू झाली. काही मुली अगदी लहानपणीच वयात येऊ लागतात. ते थोपवणारं औषध वाढत्या शरीराचं काय करतं, हे प्रयोग करणाऱ्या अमरीन मॅडमना पाहायचं होतं. मला औषध मिळे, मैनेला नुसतं मिठाचं पाणी. टोचण्याआधी मॅडम मला तळहातावर घेऊन ऊब देत. सुई तरीही दुखायचीच.

मैना वयात आली, मी पोरच राहिले. अंगानं मात्र तिच्याहून मोठी झाले, लांब आणि वजनदार. "माझी चांदणी बगा कशी भरलीय ती!" लवूकाका कौतुकानं म्हणत. त्यांच्या सात वर्षांच्या नातीला, सानवीला, डॉक्टरांनी त्याच जातीचं औषध सुरू केलं होतं. मी वाढतेय म्हणजे सानवीही वाढणार, असं त्यांनी मनात धरलं होतं.

एके दिवशी माझा एक्स-रे निघाला. मॅडम त्याच्याकडे बघतच राहिल्या. "हाडं लांब आहेत काका, पण आतून विरळ."

लवूकाकांच्या हातातलं, पिंजऱ्यात अंथरायचं तूस खाली सांडलं. "मंजी आमच्या सानवीची हाडा पन अशीच व्हनार? उद्यापासना तिची सुई बंद!"

"असं मनानं बंद करू नका, काका. ही उंदरीण, सानवी माणसाचं लेकरू. हिचं तिला जसंच्या तसं लागू होत नाही. पण हाडांचं तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा."

"आनि सुई थांबल्यावर हाडा भरतात काय?"

मॅडम म्हणाल्या, "ठाऊक नाही."

प्रयोग तिथेच संपायचा होता. संपणं म्हणजे आम्हा सगळ्यांची हाडं काढून तपासणं. पण मॅडम प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीपुढे उभ्या राहिल्या. "अर्धं उत्तर घेऊन थांबलो, तर या जिवांनी सोसलेलं वाया जाईल," त्या म्हणाल्या. औषधाच्या आणि मिठाच्या पाण्याच्या, दोन्ही गटांतल्या काहींना जिवंत मागे ठेवायचं ठरलं. त्यांत मी होते. मैना नव्हती. झोपेच्या औषधानं तिचे डोळे मिटेपर्यंत लवूकाकांनी तिला ओंजळीत धरलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस मी पिंजऱ्यातल्या तिच्या झोपायच्या कोपऱ्यात झोपले नाही.

माझी इंजेक्शनं थांबली. उशिरा का होईना, मी वयात आले. हाडं हळूहळू भरली, पण औषध न घेतलेल्यांइतकी भक्कम झाली नाहीत. मॅडमनी दोन्ही गोष्टी जगाला सांगितल्या. सानवीच्या डॉक्टरांनी तिची हाडं तपासली, औषध चालू ठेवलं आणि हाडांवर लक्ष ठेवायचं कबूल केलं.

पुढे परवानगी काढून मॅडमनी मला लवूकाकांच्या घरी, पावस गावी पाठवलं. सानवी मला भाताची शितं भरवू लागली. एकदा तिनं विचारलं, "आजोबा, हिला पन माज्यासारखी सुई टोचायचे?"

"व्हय गो."

"मग हिला फुंकर कोन घालायचा?"

सानवीनं मला उचललं आणि माझ्या पाठीवर हळूच फुंकर घातली.

मित्रांनो, तुमची औषधं पारखायला कधी आमची गरज लागेल. लागतील तेवढेच जीव घ्या, हलक्या हातानं धरा. आणि आमच्या दुखण्यातून जे कळेल, ते गोड असो की कडू, पुरतं सांगा. मैनेसाठी एवढं तरी करा.