जळकोटचा पहिल्या नंबरचा शिनेमा

बलभीमचा तंबू सोलापूरहून निघून करोडगिरीचा जकातनाका ओलांडायचा आणि वर्षातून चारदा जळकोटला एकेक शिनेमा दाखवून जायचा. या साली त्यानं सांगितलं, "जत्रेला चारांतला एकच परत आणीन. गावानं एकमतानं ठरवावा."

चावडीत बैठक भरली. मधोमध आडतवाले महालिंगप्पा, म्हणजे गावाचे आप्पा. त्यांचं मत पक्कं होतं: शिवयोग्याचा शिनेमा. खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. राजानं शिवयोग्याला पेटत्या चुनाभट्टीत ढकललं आणि नेमका तिथंच आप्पांचा डोळा लागला होता. जाग आली ती टाळ्यांनी. मग आप्पांनीही सगळ्यांहून जोरात टाळ्या पिटल्या. भट्टीतून माणूस बाहेर येतो कसा, या विचारानं तेव्हापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. विचारावं तर झोपल्याचा बोभाटा.

"चोराचा आणा," हिंमतराव पाटील म्हणाले. "घोडी काय पळती त्याची!"

"घोडी तुमच्या दारात बघू की, पाटील. शिवयोग्याला बघून रडला का न्हाय तुमी?" आप्पांनी विचारलं.

पाटलांनीच आधी हात वर केला. पुरुष कबूल झाले. तेवढ्यात बायकांतून आप्पांची बायको रुद्रम्मा उठली.

"आमची ना हाय. त्यो कसला शिवयोगी? उजव्या तळहातावर इष्टलिंग घेतो अन् डाव्या हातानं बेल वाहतो!"

"डाव्याच तळहातावर घेतो. म्या सोता बघितलंय," आप्पा म्हणाले.

"आमी समद्या बायांनी बघितलंय. जेवतो बी डाव्यानं!"

दोघंही खरं बोलत होते. तंबूत पडदा मधोमध असे. पुरुष यंत्राच्या बाजूला, बायका पडद्यामागं, अर्ध्या तिकिटात. पातळ कापडातून चित्र आरपार दिसे, फक्त डावं ते उजवं होऊन. अलीकडचं माणूस पलीकडं कधी बसलंच नव्हतं. बलभीमला सगळं ठाऊक होतं, पण उलट्या चित्राला अर्धं तिकीट तरी कोण देणार?

शेवटी पाटलांनी तोड काढली. "बाया म्होरं बसतील, आमी मागं. मग तर झालं?"

झालं. जत्रेत पुरुष पडद्यामागं बसले. भट्टीच्या आधी शिवयोगी पूजेला बसला आणि त्यानं इष्टलिंग उजव्या तळहातावर घेतलं.

"आरं, बाया खरं बोलत व्हत्या!" धोंडप्पा तेली ओरडला.

पडद्यापलीकडून रुद्रम्माचा आवाज आला, "अवो, डाव्याच हातात हाय की! आमीच चुकलो!"

"तुमी न्हाय, आमी चुकलो!"

दोन्हीकडच्यांनी हार मानली आणि भांडण होतं तिथंच राहिलं.

"असला उलट्या हाताच्या शिवयोग्याचा शिनेमा बघायचा न्हाय," धोंडप्पा म्हणाला. "उठा, आप्पा. तुमीच बसून राह्यलात तर गावानं काय करायचं?"

पडद्यावर भट्टी पेटत होती. "जरा थांबा," आप्पा म्हणाले. "चूक नीट पारखून घिऊ."

"पारखली की!" दोघांनी आप्पांना दंडाला धरून बाहेर काढलं. बाहेर पडताना त्यांनी मान वळवली. राजा शिवयोग्याला ढकलत होता.

रुद्रम्मा डोळे पुसत घरी आली. आप्पा ओसरीवर बसूनच होते.

"शेवट कसा वाटला?"

"लई ग्वाड. पर तुमाला काय सांगायचं? तुमी बघितलाय की."

"तरी तुझ्या तोंडून ऐकावं म्हटलं."

"आमाला दोन्ही बाजूंनी सारखाच दिसला," रुद्रम्मा पदर खोचत म्हणाली. "तुमाला कसा दिसला, त्ये आदी सांगा. एकदाचं एकमत तरी व्हईल."

आप्पांनी घसा खाकरला.

"भट्टी," ते म्हणाले, "लई तापली व्हती."